टर्नटेबल वायरलेस होम थिएटरला जोडताना: फोनो एकदाच, आणि योग्य जागी

टर्नटेबलच्या मागून दोन पिना निघतात, एक लाल आणि एक पांढरी. साउंडबारच्या मागे पाहावं तर एचडीएमआयचं तोंड, ऑप्टिकलचं छोटं चौकोनी भोक आणि फार तर एक यूएसबी. लाल-पांढरं कुठेच नाही. दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवली की बहुतेकांची गाडी इथेच अडते. मग कोणीतरी एखादा कन्व्हर्टर मागवतं, तो जोडतं, आवाज येतोही, पण पातळ आणि शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. आणि टर्नटेबल माळ्यावर जातं.

मला याचं फार वाईट वाटतं, कारण यंत्रात बिघाड नसतोच. ही जोडणी मी वेगवेगळ्या प्रकारच्या सिस्टिमवर केली आहे आणि प्रत्येक वेळी अडचणीचं मूळ एकच निघालं: साखळीतलं एखादं काम राहून गेलं होतं, नाहीतर दोनदा झालं होतं.

कामं तीनच आहेत. कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या छोट्या भागातून) येणारा अतिशय क्षीण सिग्नल वाढवून सरळ करायचा, हे फोनो प्रीअँपचं काम. त्या अ‍ॅनालॉग सिग्नलचं डिजिटल करायचं. आणि तो हवेतून स्पीकरपर्यंत पाठवायचा. काहीही विकत घेण्याआधी एक कागद घ्या, ही तीन कामं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे ते तुमच्याकडच्या कोणत्या यंत्रात होतं ते लिहा. जी ओळ रिकामी राहील, तेवढीच वस्तू तुम्हाला हवी आहे.

फोनो म्हणजे नेमकं काय

हे समजून घेण्यात वेळ घालवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या (सुईसोबत छोटं चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजमधून साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. मूव्हिंग कॉइल (चुंबकाऐवजी तारेचं वेटोळं हलणारा प्रकार) असेल तर बहुधा अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी. स्पीकर सिस्टिमच्या ऑक्स किंवा लाइन इनपुटची अपेक्षा असते ती याच्या कितीतरी पट, साधारण ३०० मिलिव्होल्ट आणि त्याच्या वर. म्हणून मूव्हिंग मॅग्नेटला सुमारे १०० पट, म्हणजे ४० डेसिबल वाढ लागते. मूव्हिंग कॉइलला ६० डेसिबलच्या आसपास, म्हणजे हजार पट.

पण नुसतं वाढवून भागत नाही. तबकडी कोरतानाच तिच्यातला खर्ज मुद्दाम दाबलेला असतो आणि वरचे स्वर चढवलेले असतात. खर्ज आहे तसा कोरला, तर खाचेच्या लाटा इतक्या रुंद होतील की शेजारच्या खाचेत घुसतील आणि एका बाजूवर फार थोडं संगीत मावेल. वरचे स्वर चढवतात ते तबकडीच्या पृष्ठभागाची खरखर वाजवताना दाबता यावी म्हणून. हे प्रमाण ठरवणाऱ्या वक्राला आरआयएए वक्र म्हणतात. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून तो सर्वत्र रूढ झाला. १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला जवळजवळ २० डेसिबल कमी आणि २० हजार हर्ट्झला जवळजवळ २० डेसिबल जास्त, इतका हा फरक मोठा आहे. फोनो प्रीअँप हाच वक्र उलटा फिरवून आवाज मूळ तोलावर आणतो.

आता लक्षणं ओळखता येतील. फोनो प्रीअँप मध्ये नसेल तर आवाज बारीक येतो, तबला टिचकी मारल्यासारखा वाजतो, फक्त झांजा आणि स-श-च ऐकू येतात. दोन फोनो प्रीअँप एकामागोमाग एक लागले तर नेमकं उलटं: आवाज फाटतो आणि खाली नुसता घुमारा राहतो.

तुमच्या टर्नटेबलमध्ये हा प्रीअँप आधीच आहे का, ते मागच्या बाजूला पाहा. 'फोनो' आणि 'लाइन' असं लिहिलेला छोटा सरकता स्विच दिसला तर आहे. काही मॉडेलांत हा स्विच थाळीच्या खाली दडलेला असतो, रबरी मॅट आणि थाळी उचलली की सापडतो. स्विच 'लाइन'वर असेल तर आतला प्रीअँप चालू, 'फोनो'वर असेल तर बंद. ही नावं गोंधळात पाडतात, म्हणून पुन्हा सांगतो: 'फोनो'वर ठेवलंत तर सिग्नल कच्चा बाहेर पडतो आणि त्याला पुढे फोनो इनपुट किंवा वेगळा प्रीअँप लागतोच.

सूटकेससारख्या दिसणाऱ्या, स्वतःचे स्पीकर असलेल्या स्वस्त प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याच्या मागच्या पिनांमधून सहसा लाइन पातळीचाच आवाज येतो. तिथे फोनो प्रीअँप जोडू नका.

सिस्टिमच्या मागे काय आहे?

पाच शक्यता आहेत. तुमची कोणती ते पाहा आणि बाकीच्या सोडून द्या.

सगळ्यात सोपं काम एव्ही रिसीव्हर (सगळ्या यंत्रांचा आवाज घेऊन स्पीकरना देणारा मोठा डबा) असलेल्यांचं. फक्त मागचे स्पीकर किंवा सबवूफर वायरलेस, आणि मध्यभागी मोठा रिसीव्हर अशी रचना असेल, तर त्याच्या पाठीवर लाल-पांढऱ्या सॉकेटची रांग असते. 'फोनो' लिहिलेली जोडी असेल तर टर्नटेबलचा स्विच 'फोनो'वर ठेवून तिथे जोडा. नसेल तर स्विच 'लाइन'वर करून सीडी किंवा ऑक्सच्या जोडीत. हवेतून पाठवायचं काम रिसीव्हर स्वतः करतो. यामाहाच्या म्युझिककास्ट (घरभर आवाज पाठवण्याची सोय) असलेल्या रिसीव्हरमधून तर फोनो इनपुटचा आवाज घरातल्या दुसऱ्या म्युझिककास्ट स्पीकरवरही पाठवता येतो.

साउंडबारला ३.५ मिमीचं ऑक्स सॉकेट असेल तरी काम सोपं. एका टोकाला लाल-पांढरी पिन आणि दुसऱ्या टोकाला ३.५ मिमी प्लग अशी केबल घ्या. प्लगवर दोन काळ्या रेघा आहेत याची खात्री करा. एकच रेघ असेल तर तो मोनो प्लग, त्यातून डावं-उजवं वेगळं येणार नाही. ऑक्सला नेहमी 'लाइन' पातळी द्यायची.

तिसरी शक्यता, साउंडबारला फक्त एचडीएमआय आणि ऑप्टिकल. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून जरा थांबतो. इथे अ‍ॅनालॉगचं डिजिटल करणारा डबा लागतो, त्याला एडीसी म्हणतात. याच्या उलट काम करणारा डबा म्हणजे डीएसी. दोन्ही काडेपेटीहून थोडे मोठे, बहुधा काळे, दोघांच्याही एका बाजूला लाल-पांढरं आणि दुसऱ्या बाजूला ऑप्टिकल. मी पहिल्यांदा डीएसीच घेऊन आलो होतो. एक अख्खी संध्याकाळ केबल बदलत बसलो, साउंडबार मुका. शेवटी डबा उजेडाखाली धरला, तेव्हा लाल-पांढऱ्या सॉकेटवर बारीक अक्षरात 'आउट' लिहिलेलं दिसलं. डब्यावर लाल-पांढऱ्याला 'इन' आणि ऑप्टिकलला 'आउट' लिहिलेलं असेल तरच तो तुमच्या कामाचा.

जोडणीचा क्रम असा: टर्नटेबल 'लाइन'वर (किंवा 'फोनो'वर आणि मध्ये वेगळा प्रीअँप), त्याच्या पिना एडीसीच्या 'इन'मध्ये, एडीसीच्या 'आउट'मधून ऑप्टिकल केबल साउंडबारला. ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांवर नखाएवढ्या पारदर्शक टोप्या असतात, त्या काढल्या का? टोपी तशीच ठेवून केबल दाबत बसलेले लोक मी पाहिले आहेत. ती इतकी नितळ असते की दिसतच नाही. एडीसी चालू करून केबलचं मोकळं टोक तळहातावर धरा. तांबडा ठिपका दिसला म्हणजे उजेड इथपर्यंत पोचतोय. केबल काटकोनात मोडू नका, आत काचेसारखा तंतू असतो.

एडीसीवर सॅम्पल रेट (सेकंदाला सिग्नल किती वेळा मोजायचा ते) निवडायची सोय असेल तर ४८ किलोहर्ट्झ ठेवा. तो बहुतेक सगळे साउंडबार बिनतक्रार घेतात; १९२ दिला तर काही बार गप्प बसतात. एडीसीला वीज त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरवरून द्या. टीव्हीच्या यूएसबीवरून दिलीत तर टीव्ही बंद केल्यावर अनेकदा एडीसीही बंद पडतो, आणि कधी कधी टीव्हीची किरकिर आवाजात उतरते.

आणखी एक गोष्ट आवाजाच्या पातळीची. अ‍ॅनालॉग यंत्राला थोडा जास्त सिग्नल दिला तर त्याचा आवाज हळूहळू बिघडतो. डिजिटलला वरची मर्यादा ठाम असते, तिच्यावर गेलं की लाटेचं डोकं सपाट कापलं जातं आणि कर्कश तडतड ऐकू येते. प्रीअँपवर गेनचं (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं) बटण असेल तर तुमच्याकडची सगळ्यात जोरकस तबकडी लावा आणि तिच्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या जागी तडतड थांबेपर्यंत गेन खाली आणा. ४५ फेऱ्यांच्या बारा इंची तबकड्या यासाठी चांगल्या, त्या बहुधा मोठ्या आवाजात कोरलेल्या असतात.

चौथी शक्यता वायफायवर चालणाऱ्या, अनेक खोल्यांच्या सिस्टिमची. इथे एका स्पीकरला लाइन-इन असलं तरी पुरतं, तो आत आलेला आवाज बाकीच्यांना वाटतो. सोनोसचं उदाहरण घ्या. त्यांच्या आर्क या साउंडबारला अ‍ॅनालॉग इनपुट नाही. पण घरात सोनोस फाइव्ह असेल तर त्याच्या ३.५ मिमी लाइन-इनला टर्नटेबल जोडून तोच आवाज आर्कवर ऐकता येतो. एरा १०० आणि एरा ३०० यांना त्यासाठी यूएसबी-सीचा वेगळा लाइन-इन अडॅप्टर लागतो. आवाज मध्येच तुटत असेल तर अ‍ॅपमध्ये लाइन-इनचा ऑडिओ डिले वाढवा. तबकडीसोबत चित्र नसतं, ओठांशी आवाज जुळवायचा नसतो, त्यामुळे हा विलंब निर्धास्तपणे वाढवता येतो. फक्त सुई टेकल्यावर आवाज जरा उशिरा येईल, त्याने दचकू नका. ज्यांच्या स्पीकरवर विसाचं (WiSA, वायरलेस होम थिएटर स्पीकरांचं एक मानक) चिन्ह आहे त्यांनी ट्रान्समीटरच्या पाठीकडे पाहावं. तिथे लाल-पांढरं नसेल तर वर सांगितलेला एडीसी ऑप्टिकलमधून त्याला जोडायचा.

पाचवा मार्ग ब्लूटूथ. काही टर्नटेबलमध्ये तो आतच असतो, उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निकाचं एटी-एलपी६०एक्सबीटी किंवा सोनीचं पीएस-एलएक्स३१०बीटी. नसेल तर प्रीअँपनंतर ब्लूटूथ ट्रान्समीटर लावता येतो. ब्लूटूथ घेणारा रिसीव्हर नको, पाठवणारा ट्रान्समीटर हवा. जोडी जुळवताना टर्नटेबलला पडदा नसतो, त्यामुळे ते समोर जे पहिलं सापडेल त्याला चिकटतं. म्हणून आधी घरातल्या फोनांचं ब्लूटूथ बंद करा, इतर ब्लूटूथ स्पीकर आणि हेडफोन बंद करा, साउंडबार पेअरिंगवर टाका आणि मगच टर्नटेबलचं बटण दाबून धरा. एपीटीएक्ससारखा चांगला कोडेक (आवाज आवळून पाठवण्याची पद्धत) दोन्हीकडे असेल तरच वापरला जातो, एकीकडे असून उपयोग नाही. मग दोघं एसबीसी या साध्या कोडेकवर उतरतात.

माझं मत विचाराल तर ब्लूटूथ सगळ्यात शेवटी. काम करताना मागे गाणं लावायला ते छान आहे. पण तबकडी उलटून, पुसून, शांत बसून ऐकायची असेल तर टर्नटेबलपासून सिस्टिमपर्यंत केबल टाका आणि हवेतलं काम सिस्टिमला करू द्या. दीड-दोन मीटरच्या केबलने जो फरक पडतो तो मी बऱ्याच जणांना ऐकवला आहे. व्हायोलिनच्या लांब सुराच्या शेवटी, जिथे सूर विरतो, तिथे तो स्पष्ट कळतो.

अर्थची तार

अनेक टर्नटेबलांच्या लाल-पांढऱ्या केबलसोबत एक तिसरी बारीक तार येते, टोकाला इंग्रजी यू आकाराची पितळी किंवा तांब्याची पट्टी. ती लोंबकळत सोडायची नाही. फोनो प्रीअँप किंवा रिसीव्हरच्या मागे 'ग्राउंड' लिहिलेला स्क्रू असतो. तो दोन फेऱ्या सैल करा, पट्टी खाली सरकवा आणि बोटाने आवळा. पक्कड लावायची गरज नाही. आवळताना आवाज थोडा चालू ठेवलात तर गंमत ऐकायला मिळते: पट्टी धातूला टेकते त्या क्षणी खोलीभर पसरलेली घूं गप्प होते. टर्नटेबलला अशी तारच नसेल तर ती आतून जोडलेली असते, शोधत बसू नका.

तार लावूनही घूं राहिली तर साखळीत उलट चालत या. प्रीअँपमध्ये येणाऱ्या टर्नटेबलच्या पिना काढा. घूं थांबली तर दोष टर्नटेबलच्या बाजूला: सैल पिन, किंवा शेजारून जाणारी विजेची वायर. थांबली नाही तर प्रीअँपचा अडॅप्टर दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहा. ऑप्टिकलने जोडलेल्यांना एक फायदा आपोआप मिळतो. त्या केबलमधून फक्त उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे साउंडबारकडून अर्थचा घोळ मागे येत नाही.

टर्नटेबल कुठे ठेवायचं

साउंडबार असलेल्या कपाटावर नको, आणि सबवूफर ज्या फळीवर किंवा ज्याच्या शेजारी आहे तिथे तर मुळीच नको. सुईला संगीत आणि हादरा यांतला फरक कळत नाही. सबवूफरने फळी हलवली की सुई तो हादराही वाचते, तो पुन्हा सबवूफरमधून बाहेर येतो, पुन्हा फळी हलते आणि बघता बघता खोलीत हुंकार भरतो. वायरलेसचा खरा उपयोग मला इथे दिसतो. लांब स्पीकर वायरच्या भानगडीत न पडता टर्नटेबल खोलीच्या दुसऱ्या बाजूला, भक्कम टेबलावर नेता येतं.

पारखायला सोपी रीत: थाळी थांबवा, सुई थांबलेल्या तबकडीवर अलगद ठेवा, आवाज तुमच्या नेहमीच्या पातळीपर्यंत हळूहळू वाढवा आणि टेबलावर बोटाने टकटक करा. स्पीकरमधून मोठा, लांबत जाणारा धडधडाट आला तर जागा बदला.

जागा ठरली की स्पिरिट लेव्हल ठेवून यंत्र सपाट करा. मग टोनआर्मचं (सुई धरणाऱ्या दांड्याचं) वजन, म्हणजे सुईचा तबकडीवर पडणारा भार, पाहा. ते कार्ट्रिजच्या कागदावर दिलेलं असतं. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ईसाठी, उदाहरणार्थ, २ ग्रॅम. वजन कमी ठेवलं तर तबकडी वाचते हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते.

पहिली तबकडी

सगळं जोडताना यंत्रं बंद आणि आवाज शून्यावर. प्रथम टर्नटेबल आणि प्रीअँप चालू करा, शेवटी स्पीकर. बंद करताना उलट. सिस्टिमवर योग्य इनपुट निवडा. सुई सुरुवातीच्या रिकाम्या खाचेवर उतरवा. आपोआप जागी होणाऱ्या इनपुटना सिग्नल ओळखायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात हळू सुरू होणाऱ्या आलापाचा पहिला सूर हरवतो. असं वारंवार झालं तर ऑटो सोय बंद करून इनपुट हाताने निवडत जा.

आता साउंड मोड. तबकडीत दोनच वाहिन्या आहेत, डावी आणि उजवी. सिस्टिम मात्र सिनेमासाठी बनवलेली, तिला त्या दोनाच्या पाच किंवा सात करायची सवय. मग गायिकेचा आवाज मधल्या स्पीकरमध्ये कोंडला जातो आणि तानपुरा मागून येऊ लागतो. 'स्टिरिओ' किंवा 'डायरेक्ट' निवडा. नाइट मोड बंद, कारण तो हळू आणि मोठ्या आवाजातला फरक पुसून टाकतो. संवाद स्पष्ट करण्याची सोय बंद. सबवूफर सिनेमापेक्षा थोडा खाली आणा. वाकड्या तबकडीमुळे सबवूफरचा पडदा आवाज नसतानाही मागेपुढे पोहताना दिसला, तर प्रीअँपवरचा सबसॉनिक फिल्टर (कानाला न ऐकू येणारा अतिखर्ज कापणारा) चालू करा. तो असला तर जरूर वापरा.

डावं-उजवं बरोबर आहे का हे तपासायला, एकच वाद्य एका बाजूला असल्याचं तुम्हाला पक्कं ठाऊक असलेली तबकडी घ्या. लाल पिन उजवी, पांढरी डावी.

मध्येच आवाज तुटला तर

अशा वेळी लोक सरळ राउटरला दोष देतात. आधी घड्याळ बघा. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी एक फेरी १.८ सेकंदांत पुरी करते. टकटक बरोबर १.८ सेकंदांनी येत असेल तर तो तबकडीवरचा ओरखडा आहे, ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर तोच १.३३ सेकंदांनी येईल. त्याला वायफाय काही करू शकत नाही. तबकडी धुऊन पाहा. ठेका न धरता, कधीही, क्षणभर पूर्ण शांतता येत असेल, अगदी तबकडीची नेहमीची खरखरसुद्धा गायब होत असेल, तर मात्र ती हवेतली अडचण. खरखरीसकट सगळं गेलं ही खूण महत्त्वाची, सुई खाचेत असेपर्यंत तसं होत नाही.

मग लाइन-इन असलेला स्पीकर राउटरला केबलने जोडता येतो का ते पाहा. बहुतेक वेळा एवढ्यानेच प्रश्न सुटतो. ते शक्य नसेल तर ऑडिओ डिले एक पायरी वाढवा. ब्लूटूथवर असाल तर ट्रान्समीटर टर्नटेबलच्या मागून काढून पुढे, उघड्यावर आणा, आणि २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा राउटर त्याच्यापासून दूर सरकवा, कारण दोघं एकाच पट्ट्यात बोलतात. मायक्रोवेव्ह चालू असतानाच आवाज तुटतो का, हेही एकदा बघून घ्या.